नुसता हात फिरवते

माझ्या आईने एकदा एका आठ वर्षांच्या मुलीला चारचौघांत खोटं पाडलं. मुलगी खरं बोलत होती. हे आईला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आम्ही दोघी मूग गिळून गप्प बसलो. आईबद्दल काही सांगायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी, असं मला वाटतं. लोक ज्या गोष्टींनी सुरुवात करतात, म्हणजे तिची शिकवण्याची हातोटी, मुलांना तिचा असलेला लळा, तिचा गोड स्वभाव, त्या खोट्या नाहीत. पण त्या ऐकताना मला गुदमरायला होतं. आणि गोड स्वभाव म्हणाल, तर तिच्याशी एकदा कपाटाच्या किल्लीवरून भांडून बघा.

आई बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात होती. पहिली आठ वर्षं तिने फक्त बाह्या लावल्या. अख्खा सदरा तिने तिथे कधी शिवलाच नाही. समोर सदऱ्याचं धड यायचं, बाजूला बाह्यांचा गठ्ठा. डावी लाव, उजवी लाव, पुढे सरकव. नंतर तिला तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत ती तिथेच होती. शिवून आलेला कपडा उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, कुठे टाका सुटलेला सापडला की तिथे खडूने फुली मारायची, असं ते काम. फुलीचा कपडा खरं तर मागे जायचा. पण माल गाडीत चढवायची घाई असली की मागे पाठवायला सवड नसायची. मग आईच तो उसवायची आणि आईच शिवायची. त्याला तिथे 'हात फिरवणं' म्हणत. माल दारातून बाहेर पडताना बरा दिसला पाहिजे, हे तिने इतक्या वेळा ऐकलं होतं, की लहानपणी मला कुठे घेऊन जाताना ती दारात माझ्या अंगावरूनही अंगठा फिरवायची.

कारखाना बंद झाल्यावर ती तीन महिने घरात बसली आणि तिने माझा जीव नकोसा केला. घरात आम्ही दोघीच. वडील मी शाळेत असतानाच गेले. तिने पडदे उसवून पुन्हा शिवले. अभ्रे उसवून पुन्हा शिवले. माझे ऑफिसचे कपडे घट्ट केले आणि मी जाड झाले आहे हे लक्षात आल्यावर परत सैल केले, आणि तेही तोंडाने सांगत सांगत. शेवटी वैतागून मीच वाचनालयाच्या ग्रंथपालांकडे गेले. त्यांची वरच्या मजल्यावरची मागची खोली शनिवारी रिकामी असायची. तिथे माझी आई मुलांना शिवण शिकवेल, असं मी सुचवलं. ग्रंथपाल सज्जन आणि घाबरट होते. कोणी जोरात पुस्तक मिटलं तरी दचकायचे. मुलं आणि सुया हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून त्यांनी आधी सरळ नाही म्हटलं. मग आई स्वतः त्यांना भेटायला गेली आणि बोलता बोलता त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण लावून आली. खोली मिळाली.

शिकवायची मात्र ती खरंच छान. पहिल्या शनिवारी सुई नाहीच. जाड पुठ्ठ्याला पाडलेली भोकं आणि बुटाची नाडी. वरून खाली, खालून वर. मग बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आणि चार भोकांचं बटण, तेही जाड लोकरी कापडाच्या तुकड्यावर, म्हणजे मुलाच्या हातात धरायला काहीतरी घट्ट येतं. त्यानंतर सुया ठेवायची वही: कापडाची दोन पानं मधोमध दुमडून शिवलेली. मग टाचण्या खोचायची गादी, मग नाडी ओवलेली पिशवी. दोरा घ्यायचा तो बोटापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब नाही, कारण लांब दोरा शेजारच्याच्या डोळ्यात जातो आणि स्वतःच्या गळ्यात पडतो. चुकलं तर रडायचं नाही, उसवायचं. स्वतःच उसवायचं. मुलाच्या हातातल्या कामाला ती बोटसुद्धा लावायची नाही. वर्गात. हे 'वर्गात' मी मुद्दाम म्हणते आहे.

पहिल्या वर्षाच्या शेवटी ग्रंथपालांनी पालकांसाठी छोटं प्रदर्शन ठेवलं. अकरा मुलं होती. त्यातला एक गुटगुटीत मुलगा, सगळे त्याला ढोल्या म्हणत, त्याने लाकडाचा भुसा भरून टाचण्यांची गादी केली होती. त्याच्या वडिलांनी ती कौतुकाने उचलली, दाबून पाहिली, आणि शिवणीतून भुसा त्यांच्या बुटांवर सांडला. लोक हसले. वडीलही हसले, त्यात वाईट हेतू काही नव्हता. ढोल्या मात्र खाली बसून भुसा मुठीत गोळा करायला लागला आणि त्याचे कान लालबुंद झाले. पुढच्या शनिवारी तो आला नाही, नंतरही कधी आला नाही. आई कितीतरी दिवस शिकवता शिकवता दाराकडे बघायची.

दुसऱ्या वर्षी प्रदर्शनाच्या आधीच्या रविवारी ती मुलांच्या सगळ्या वस्तू घरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून बसली. काय चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, नुसता हात फिरवते." त्या वर्षी खरंच तेवढंच होतं. एक सैल बटण घट्ट केलं, दोन-तीन गाठी मारल्या, एका पिशवीचा तळ दुहेरी शिवला. काही सांडलं नाही, कोणी हसलं नाही, सगळी मुलं परत आली. आईच्या मनाने ते घेतलं.

पुढच्या वर्षी एखादी अख्खी शिवण. मग दोन. सहाव्या वर्षापर्यंत आम्ही त्यात लागोपाठ दोन रविवार घालवायला लागलो होतो, आणि इथे 'आम्ही' हाच शब्द बरोबर आहे. मी उसवायची आणि ती शिवायची. विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे अर्ज तपासून माझी नजर बारीक कामाला सरावली होती. टाक्याखाली टोक घालायचं, अलगद उचलायचं, कापायचं, दोरा ओढून काढायचा. कापडावर राहिलेली भोकं नखाने घासायची, म्हणजे मिटतात. मग आई त्याच कापडावर त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवायची. मशीनसारखं सुबक नव्हे. तेवढी ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. दर आठ-दहा टाक्यांनी एखादा मुद्दाम लांब घालायची, एखादा थोडा वाकडा. कुठलं मूल दोरा ओढून कापड चुरगळवतं, कुठलं गाठ वरच्या बाजूला सोडतं, हे तिला पाठ होतं, आणि ती चिमूटभर तेही घालायची. वस्तू पाहणाऱ्याला वाटावं, मुलानेच केली आहे, पण काय हात आहे पोराचा.

मुलांना हे कळत कसं नसे, असं कोणी विचारेल. बहुतेकांना नसे. पंधरा दिवसांपूर्वी आपण किती वाईट शिवलं होतं हे कोण लक्षात ठेवतं? एक मुलगा आपली पिशवी प्रदर्शनात उलटसुलट करून म्हणाला होता, मला उगाच वाटत होतं वाकडी झाली. तो इतका खूश होता, की त्या दिवशी मला आपण काही पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. एकदा फक्त मी आईला म्हटलं होतं, की अशाने ही मुलं शिकणार कधी. ती म्हणाली, शिकतात की वर्गात, पण दाखवायच्या दिवशी कुणाची मान खाली जायला नको. मी विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर मला ते रविवार आवडायचे. आम्ही दोघी भांडल्याशिवाय चार तास एका टेबलाशी बसायचो ते तेवढेच.

वर्गाच्या आठव्या वर्षी डावरी आली. डावखुरी होती म्हणून मुलांनीच ते नाव पाडलं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसावं. तिचा बाप रंगारी. घरी बापलेक दोघंच. बाकीच्या मुलांना आई आपल्या शेजारी बसवून शिकवायची. डावरीला तिने समोर बसवलं. समोरासमोर बसलं की आरशात बघितल्यासारखं होतं, उजव्या हाताचं शिवणं डाव्या हाताला आपोआप कळतं. ही युक्ती आईला कुणी शिकवली नव्हती, तिची तिने शोधली होती. त्यामुळे वर्षभर दर शनिवारी त्या दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत शिवत बसायच्या. डावरी बोलायची कमी आणि उसवायची फार. एक काठ तिने पाच वेळा उसवला, कोणी सांगितलं नसताना. आई घरी येऊन मला सांगायची, या पोरीला तपासणीच्या टेबलावर बसवलं असतं.

वर्षाची शेवटची वस्तू मुलांनी आपापली निवडायची होती. डावरीने लांबट पिशवी शिवायला घेतली, आत धान्य भरून, गरम करून खांद्यावर टाकायची. तिच्या बापाचा उजवा खांदा छताला रंग देऊन देऊन धरला होता. जाड निळं कापड, बाजूंना उलटी टीप, आणि तोंड बंद करायला काठावरून घातलेले तिरके टाके. सहा आठवडे लागले तिला.

त्याच वर्षी ग्रंथपाल एक दिवस पडलेल्या चेहऱ्याने वर आले. वाचनालयाच्या समितीला ती खोली संगणकांसाठी हवी होती. अध्यक्षबाई स्वतः प्रदर्शन बघायला येणार होत्या आणि मग काय ते ठरणार होतं. ग्रंथपाल जाताना आईला म्हणाले, जरा चांगलं होऊ द्या.  ती खोली गेली असती तर आई पुन्हा घरात बसली असती, पडदे उसवत. मला त्या विचाराने तिच्याहून जास्त धडकी भरली, हेही लिहून टाकते.

त्या वर्षी सत्तावीस वस्तू होत्या. दुसऱ्या रविवारी दुपारी डावरीची पिशवी माझ्या हातात आली. एका कोपऱ्यात टाके थोडे सैल होते, दाबलं की एखादा दाणा बाहेर डोकवायचा. बाकी सगळं काम चांगलं होतं. चांगलं म्हणजे खरंच चांगलं. मी आईला म्हटलं, कोपरा तेवढा घट्ट कर. तिने पिशवी उजेडाला धरली आणि म्हणाली, कोपरा नवा दिसेल, बाकी जुनं दिसेल, डोळ्यात भरेल, काढ सगळं. मी काढलं. सहा आठवड्यांचं काम काढायला मला अर्धा तास लागला. तोंडाचे टाके तिरके होते आणि बाकी सगळ्या मुलांच्या उलट बाजूला कललेले होते, हे काढताना मला दिसलं होतं. मी बोलले नाही. आईने पुन्हा शिवले ते तिच्या उजव्या हाताने, तिच्या सवयीने, तिच्या बाजूला कललेले. मुद्दाम दोन-तीन वाकडेही घातले.

प्रदर्शनाला खोली भरून गेली. अध्यक्षबाई प्रत्येक वस्तूपाशी थांबत होत्या आणि मान डोलवत होत्या. डावरीच्या पिशवीपाशी आल्या आणि त्यांनी तिला जवळ बोलावलं. एवढी नेटकी पिशवी शिवणारी मुलगी त्यांना बघायची होती. डावरीने पिशवी हातात घेतली, उलटी केली, शिवलेल्या तोंडावरून बोट फिरवलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी हसून चिठ्ठी दाखवली. चिठ्ठीवर नाव तिचंच होतं.

"चिठ्ठी माझी आहे. कापड पण माझं आहे. टाके माझे नाहीत."

आजूबाजूचे लोक हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, लाजतेय पोर. डावरी लाजत नव्हती. तिने तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, आणि आता हसू थांबलं. तिचा बाप पुढे आला. रंगाचे डाग न गेलेली नखं आणि इस्त्रीचा सदरा. सगळे बघताहेत म्हणून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाई वर्षभर समोर बसवून शिकवतात आणि तू त्यांच्यावरच आळ घेतेस, असं तो तिला म्हणाला. खोटं कशाला बोलतेस म्हणाला. माफी माग म्हणाला.

डावरीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, शनिवारी समोर बसल्यावर पुढचा टाका कुठे घालायचा हे विचारताना बघायची तशी. मी आईच्या मागे दोन हातांवर उभी होते. मला वाटलं, आई आता बोलेल. आईला वाटलं असेल, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेईन.

"असू दे," आई म्हणाली. "लहान आहे. होतो गोंधळ."

मग डावरी म्हणाली, "चुकले, बाई." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खोली वाचली.

प्रदर्शनातल्या वस्तू महिनाभर वाचनालयाच्या काचेच्या कपाटात ठेवायच्या आणि मग एका शनिवारी मुलांना परत द्यायच्या, असा रिवाज होता. त्या महिन्यात डावरी वर्गाला आली नाही. मुलांकडून कळलं की शाळेत आता तिचं नाव बदललं आहे. डावरीऐवजी खोटारडी. तिथे तिची पेन्सिल हरवली तरी शाळेतल्या बाई विचारतात, खरंच हरवली का. हे सांगणारी मुलगी हसत हसत सांगत होती आणि आई तिच्या हातातल्या कापडावर खूण करत होती. खूण भलतीकडेच गेली.

घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही धड जेवली नाही. मला आधी तिची दया आली आणि मग राग आला, आणि राग माझा मलाच आला होता म्हणून मी तो तिच्यावर काढला. बोलायचं तेव्हा बोलली नाहीस, आता उपास कसले करतेस, असं म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, उद्या तिच्या घरी जाऊ या.

रंगाऱ्याच्या घरात बोळात शिडी उभी होती आणि जिन्यापर्यंत टर्पेंटाइनचा वास. तो खांद्याला गरम पाण्याची रबरी पिशवी बांधून बसला होता. आईने खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, जसं घडलं तसं. मी उसवलं हेही मी सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि बराच वेळ पाण्याची पिशवी नुसती दाबत राहिला. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं, एवढंच तो म्हणाला, आणि ते तो आम्हाला सांगत नव्हता.

डावरी बाहेर आली. आईने बरोबर निळ्या कापडाचा तुकडा आणला होता, सुई आणली होती, दोरा ओवलेला. ती तिच्या समोर बसली, वर्गात बसायची तशी, आणि कापड तिच्यापुढे ठेवलं. चुकी माझी होती, तू खरं बोललीस, आपण पुन्हा शिवू या, असं काहीसं ती म्हणाली. डावरीने कापडाला हात लावला नाही.

"मला शिवता येत नाही," ती म्हणाली.

"येतं गं. तुझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही."

"येत असतं तर तुम्ही उसवलं नसतं."

आईने सुई कापडात खोचली आणि कापड घडी करून उचललं.  निघताना रंगारी दारापर्यंत आला. तो म्हणाला, "माफी तिने तिथे मागितली होती. तुम्ही इथे मागताय." आणि त्याने दार हळूच लावून घेतलं.

तिथे म्हणजे सगळ्यांसमोर. वस्तू परत द्यायच्या शनिवारी पालक येणार होते, अध्यक्षबाईही येणार होत्या. मधले बारा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी आईला परोपरीने समजावलं. खोली जाईल, हे तर होतंच. पण बाकीची सव्वीस मुलं? एक वस्तू बदललेली निघाली की आपलीही बदलली का, हे प्रत्येक जण विचारणार. एकीला खरं ठरवायला सव्वीस जणांना रडवणार का? मला तेव्हा हा मुद्दा अगदी बिनतोड वाटला होता. त्याच्या आड मी स्वतः लपले होते, हे आता कळतं. आई म्हणाली, "त्यांना कुणी खोटारडं म्हणत नाही." मग ती म्हणाली, की ती फक्त डावरीच्या पिशवीचं सांगेल. बाकी झाकली मूठ राहू दे. यावर आमचं एकमत झालं. फार दिवसांनी एकमत झालं.

मी आदल्या दिवशी ग्रंथपालांच्या हाती रंगाऱ्याला निरोप पाठवला होता म्हणून शनिवारी तो आला, मुलीला घेऊन, आणि मागे भिंतीला टेकून उभा राहिला. वस्तू टेबलावर मांडल्या होत्या. आई उठली. तिला भाषणाची सवय नाही. कारखान्यात सगळे यंत्रांच्या आवाजावर ओरडूनच बोलायचे, तशी ती गरजेपेक्षा मोठ्याने बोलली. म्हणाली, निळी पिशवी या मुलीने शिवली होती. ती मी उसवली आणि पुन्हा मी शिवली. त्या दिवशी ती खरं बोलत होती आणि मी गप्प बसले. तिने माझी माफी मागितली, ती मी तिची मागायला हवी होती. आणि आईने ती मागितली. नाव घेऊन, त्या मुलीकडे बघून.

 रंगाऱ्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो. अध्यक्षबाई उठल्या, खूप समजूतदारपणे हसल्या आणि आईला वाचवायला म्हणून म्हणाल्या, "हे या एकाच वस्तूचं झालं ना? घाईगडबडीत होतं एखाद्या वेळी."

आईने नुसतं हो म्हणायचं होतं. तेच ठरलं होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती डावरीकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्या. दर वर्षी."

आधी पालक बोलायला लागले, सगळे एकदम. कोणी चिडलं, कोणी दाराकडे निघालं. ग्रंथपाल खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मुलं मात्र टेबलाशी गेली. एकेकाने आपापली वस्तू उचलली आणि उलटी केली. मग एक छोटा मुलगा सुयांची वही घेऊन आईपुढे आला.

"यातलं माझं किती आहे?"

आईने चष्मा लावला, वही उजेडाला धरली, अंगठा फिरवला. चौदा वर्षं ज्या अंगठ्याला सुटलेला टाका कळायचा, तो त्या एवढ्याशा वहीवरून पुढे-मागे फिरत राहिला. लांब टाके, आखूड टाके, एखादा वाकडा. वाकडा मुलाचा की तिने मुद्दाम घातलेला, हे तिला सांगता येईना. "मला ओळखता येत नाही रे," ती म्हणाली. त्याच्या मागे दुसरी मुलगी होती. तिलाही तेच सांगितलं. मागे रांग लागली होती. तीन-चार मुलांनंतर आईने वस्तूकडे बघायचंच सोडलं; नुसती मान हलवायची. डावरी तिथे येऊन उभी राहिली होती आणि बघत होती. तिला तिचं ओळखता आलं ते तिचा हात वेगळा होता म्हणून. बाकीच्यांचे टाके आईच्याच बाजूला कलत होते.

तो वहीवाला मुलगा तिथून हलला नव्हता. तो काही रडत नव्हता. तो विचार करत होता. मग तो माझ्याकडे वळला, कारण उसवायचं काम माझं होतं, हे मघाशी गलक्यात मीच कुणा पालकाला सांगून बसले होते.

"ताई," तो म्हणाला, "मग मी शिवलेलं कुठे आहे?"

त्या प्रत्येक रविवारी, आईचं शिवून झालं की, मी चादरीची चार टोकं धरून ती उचलायची. मध्ये सगळ्यांच्या दोऱ्यांचा मिळून मुठीएवढा गुंता जमलेला असायचा. तो मी खरकट्याच्या डब्यात झटकायची आणि मग आम्ही जेवायला बसायचो.

"टाकून दिलं," मी म्हणाले.

त्याने वही माझ्या हातात दिली आणि तो आपल्या आईकडे गेला.